त्याची बाजू की त्याचं भलं?

(पत्र थोडं कमी केलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

"ताई, वकील होऊन मला २ वर्षं झाली. गेले ८ महिने मी मानसिक आजार किंवा अपंगत्व असणाऱ्यांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका संस्थेत काम करते. माझा एक अशील, वय ३६, स्किझोफ्रेनियासाठी मानसिक रुग्णालयात आहे. दाखल केलं त्याच्या मोठ्या भावाने. मी वॉर्डात गेले की तो एकच सांगतो, 'मला इथून बाहेर काढा.' दाखल करण्याविरुद्धचे अर्ज ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे त्याच्या सहीने सुटकेचा अर्ज केला. बाहेर पडले तर फाटकापाशी भाऊ उभा. भांडला नाही. हात जोडून म्हणाला, 'मॅडम, आठ दिवस तुमच्या घरी ठेवून बघा त्याला, आणि मग सोडवा.' आणि एक शंभरपानी वही माझ्या हातात दिली. धाकटा कधी झोपला नाही, कधी जेवला नाही, कधी दार आतून लावून बसला, सगळं तारीखवार. २ पानं वाचून मिटली. सुनावणी ४ दिवसांवर आहे. मी जरा नरमाईने बोलले, फार ताणलं नाही, तर चालेल का? कुणाला कळणारही नाही. बरा झाल्यावर तोच मला दुवा देईल असं वाटतं."
– एक नवखी वकील

तू ताई म्हटलंस, तेव्हा मीही सरळ अगं-तुगंवर येते.

नाही, चालणार नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना कुठे पळवाट सापडतेय का ते शोधत बसशील.

सुनावणीच्या खोलीत कोण कोण असेल ते एकदा मोज. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या अध्यक्षपदी आजी किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी. एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर. आणखी दोन सदस्य, ज्यांनी हा आजार स्वतः भोगलाय, किंवा घरच्या कुणाचा सांभाळलाय, किंवा जे या कामातल्या संस्थांमधून आलेत. समोर रुग्णालयाचे डॉक्टर, केसपेपर घेऊन. बाजूला भाऊ. यातला प्रत्येक जण तुझ्या अशिलाचं भलं कशात आहे हेच बघायला बसलाय, आणि बहुतेक जण अगदी मनापासून. त्या माणसाचं स्वतःचं म्हणणं कायद्याच्या भाषेत, कागदपत्रांनिशी मांडायला आख्ख्या खोलीत एक खुर्ची ठेवलीय. तिच्यावर बसून तूही त्याच्या भल्याचा हिशेब मांडायला लागलीस, तर मंडळाला एक सदस्य जास्तीचा मिळेल आणि त्याचा वकील जाईल. वर, कागदोपत्री त्याला वकील होताच. 'कुणाला कळणार नाही' हे तू दिलाशासाठी लिहिलंस. मी तिथेच थबकले.

चोरीच्या आरोपीचं वकीलपत्र घेतलं असतंस, तर 'आत गेला तर सुधारेल बिचारा' म्हणून उलटतपासणी अर्ध्यावर सोडली असतीस? असा विचारसुद्धा तुझ्या मनात आला नसता. अशील मनाने आजारी असला की मात्र हे आपल्याला सहज सुचतं, आणि सुचलं याची लाजही वाटत नाही. मी हे तुला टोचून बोलत नाहीये. मलाही सुचलेलं आहे.

आता कायदा. तुला पाठ असेल, पण भावाचे जोडलेले हात डोळ्यांसमोर असताना पाठ केलेलं आठवत नाही, हे मला माहीत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं ४ थं कलम पुन्हा उघड. उपचाराबद्दलची माहिती समजणं, निर्णयाचे परिणाम ओळखणं, किंवा तो निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही कळवता येणं, एवढ्यावर माणसाची क्षमता ठरते. आणि त्याच कलमात पुढे म्हटलंय की एखाद्याचा निर्णय दुसऱ्यांना अयोग्य किंवा चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं धरता येणार नाही. चुकण्याचा अधिकार इतक्या स्वच्छ शब्दांत देणारे कायदे आपल्याकडे फार नाहीत.

आणि तुझी संस्था या प्रकरणात शिरली कुठून? मंडळाकडे अर्ज कुणी करायचा हे कायद्यात सांगितलंय: ती व्यक्ती स्वतः, तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचाराच्या निर्णयांत तिला आधार देणारा), किंवा नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी, आणि त्या तिसऱ्यापुढे अट आहे, 'त्या व्यक्तीच्या संमतीने'. भावाच्या संमतीने नाही, डॉक्टरांच्या नाही. तुझ्या अशिलाने दार उघडलं म्हणून तू आत आहेस. आत येऊन त्याच्याच विरुद्ध हळूच कुजबुजायचं, याला आपल्या बोलीत चांगला शब्द नाही.

भल्याच्या नावाखाली काय काय झालंय तेही या कामात येणाऱ्याने विसरू नये. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला मनोरुग्णांना ठेवलेल्या एका झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली आणि २८ जण जळून गेले. साखळदंडांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. त्यांना तिथे आणून सोडणारे घरचेच होते. त्यांना वैरी म्हणू नकोस. त्यांच्यापाशीही तारीखवार वह्या असत्या तर प्रत्येक पान खरं निघालं असतं. त्या २८ जणांना 'तुला इथे राहायचंय का' हे विचारायला कुणी गेलं नव्हतं, एवढंच.

आता माझी गोष्ट. वकिलीच्या सुरुवातीला, जुना कायदा होता तेव्हा, एका बाईंसाठी गेले होते. पन्नाशीच्या. त्याही म्हणत, 'मला सोडवा.' मी डॉक्टरांशी अर्धा तास बोलले, त्यांच्या मुलाशी पाऊण तास, आणि त्यांच्याशी वॉर्डाच्या जाळीपाशी उभ्या उभ्या पाच मिनिटं. मुलगा सज्जन होता, रडला. मी मनात ठरवून टाकलं की बाईंनी अजून महिनाभर इथे राहणंच बरं, आणि अर्ज असा लिहिला की फेटाळला जावा. फेटाळला गेला. नंतर कळवायला गेले तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसले. माझा कागद त्यांनी हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग उलटा केला. म्हणाल्या, "माझा चष्मा द्यायला सांगाल का?" दाखल करताना काच असलेल्या वस्तू काढून घेतल्या होत्या, त्यात चष्मा गेला. सात आठवडे. सही केलेला एकही कागद त्यांनी वाचलेला नव्हता. माझं वकीलपत्रसुद्धा. रात्री भिंतीवरच्या ओलीत माणसं दिसतात म्हणून त्यांना भ्रम वाढल्याची नोंद केसपेपरात होती. चष्मा मिळाल्यावर माणसं दिसायची थांबली की नाही ते मी सांगू शकत नाही, आजार होताच. पण 'सोडवा' या शब्दात नेमकं काय काय होतं हे मी विचारलंच नव्हतं. घरी जायचं होतं का, तेही नाही. त्यांना बहिणीकडे जायचं होतं. बहीण न्यायला तयार होती. तिला कुणी फोनच केला नव्हता.

तेव्हा तुझ्या ४ दिवसांतला पहिला दिवस इथे घाल. उभ्याने नाही, बसून. 'बाहेर काढा' म्हणजे कुठे? घरी? की या वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात? की फोन हवाय, की एखादा परिचर हात उगारतो, की गोळ्यांनी जीभ जड होते आणि कुणी ऐकत नाही? यातल्या कित्येक गोष्टींना कायद्यात वेगवेगळी उत्तरं आहेत: फोन आणि भेटीगाठींचा हक्क, आपले वैद्यकीय कागद बघण्याचा हक्क, सेवेतल्या उणिवांची तक्रार करण्याचा हक्क. उद्याच्या उद्या मिळतील अशा चार गोष्टी मिळाल्या तर तो कदाचित म्हणेल, आठवडाभर थांबतो. कदाचित नाही म्हणणार. पण ते त्याने म्हटलेलं असेल.

मग त्याला सगळं खरं सांग. इथे नरमाई नको, आणि इथेच ती सगळ्यात जास्त होते. 'भाऊ असं असं म्हणतो. डॉक्टर असं असं लिहितात. मंडळ विचारणार, त्या रात्री काय झालं? तू काय सांगशील?' अर्ज फेटाळला जाईल असं तुला वाटत असेल तर तेही सांग. 'मला वाटतं दोन आठवडे थांबावंस' हेही सांगायला मुभा आहे, तो वकिलाचा सल्ला झाला. सल्ला त्याच्या तोंडावर द्यायचा असतो. मंडळापुढे, त्याच्या पाठीमागे, आवाज खाली आणून द्यायचा नसतो. तुझं ऐकून त्याने मत बदललं तर उत्तम, नाही बदललं तर त्याचं म्हणणं घेऊन आत जायचं, पूर्ण ताकदीने.

त्याला सपोर्टेड ॲडमिशनखाली, म्हणजे निर्णयासाठी फार आधार लागतो म्हणून नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केलंय असं तुझ्या पत्रावरून दिसतं. म्हणजे ८९ वं कलम. कागद नीट तपास: दोघांनी स्वतंत्रपणे तपासलं होतं का, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ होता का. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा, किंवा स्वतःची काळजी घेता न येऊन अपायाचा धोका, यातलं नेमकं काय आणि कधी घडलं ते लिहिलंय का, की नुसतं 'आक्रमक' असा शिक्का मारलाय. याहून कमी बंधनाचा उपाय शक्य नव्हता हे दाखवलंय का. भावाने संमती दिली असेल तर दर ७ दिवसांनी क्षमता पुन्हा तपासल्याच्या नोंदी आहेत का. ३० दिवसांपलीकडे ठेवायचं तर सगळं नव्याने करावं लागतं. असं दाखल करण्याला आव्हान देणारा अर्ज मंडळाने ७ दिवसांत निकाली काढायचा असतो, म्हणून तारीख पुढे जाऊ लागली तर कारण लेखी माग. हे सगळं बघणं म्हणजे रुग्णालयाशी वैर नव्हे. चांगल्या रुग्णालयाचे कागद चांगले असतात आणि दहा मिनिटांत बघून होतात.

आणखी एक, जे बरेचदा राहून जातं. भाऊ सध्या त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी आहे तो बहुधा नातेवाईक म्हणून, आपोआप. तुझ्या अशिलाला दुसरं कुणी नेमता येतं, साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून. मित्र, आत्या, जुना सहकारी, जो तयार असेल तो. विचार त्याला. कदाचित तो म्हणेल, भाऊच राहू दे. असं म्हणणारे मी पाहिलेत, आणि तशा वेळी भावांमधलं अर्धं भांडण तिथेच मिटतं.

आता बाहेर पडून तो जाणार कुठे? भावाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याला 'ते माझं काम नाही' असं उत्तर देणारा वकील या कामात टिकू नये. कायद्याचं १९ वं कलम म्हणतं की घरच्यांनी स्वीकारलं नाही, घरच नाही, किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. वाक्य सुंदर आहे, पण वाक्यात झोपता येत नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात लॉइस कर्टिस नावाची एक बाई होती. बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजार दोन्ही. बाहेर राहू शकते असं डॉक्टरच म्हणत होते, तरी ती सरकारी रुग्णालयातच, कारण बाहेरच्या सेवा कुणी पुरवत नव्हतं. ती मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेतल्या वकीलबाईंना सारखी फोन करायची, मला इथून कधी काढणार? तो दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ मध्ये निकाल लागला की विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हाच भेदभाव आहे. कर्टिस पुढे चित्रकार म्हणून जगली. मला त्या निकालाइतकंच त्या फोनांचं अप्रूप आहे. ती फोन करत राहिली आणि पलीकडून कुणीतरी उचलत राहिलं.

तेव्हा तूही ४ दिवसांत फोन लाव. हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधली राहण्याची सोय), दिवसा जाऊन बसता येईल असं केंद्र, जवळ राहणारा नातेवाईक, बाह्यरुग्ण विभागातली पुढची तारीख, औषधं कोण आणणार, रात्री बिघडलं तर कुणाला फोन. एका पानावर लिही, अशिलाला वाचून दाखव, त्याला मान्य असेल तेवढंच मंडळापुढे ठेव. 'सोडा' या एका शब्दाच्या अर्जाला मंडळ घाबरतं. एका पानाला कमी घाबरतं.

तो इतका आजारी असेल की काहीच सांगू शकत नसेल, तर? तेव्हा त्याच्या नावाने मत बनवून मांडू नकोस. दाखल करण्याच्या अटी पुऱ्या होतात का एवढं ताठ मानेने विचार, आणि तो बरा असताना काय म्हणायचा, कशाला घाबरायचा, कुठलं औषध नको म्हणायचा, हे शोधून सांग. त्याने आगाऊ निर्देश, म्हणजे आजारात कसे उपचार हवेत आणि कसे नकोत ते, आधीच लिहून ठेवलेत का बघ. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१४ मध्ये हेच सांगितलंय: इच्छा कळतच नसेल तेव्हा 'हित' नव्हे, तर त्याच्या इच्छेचा आणि आवडीनिवडीचा शक्य तितका जवळचा अर्थ लावा. तुझा अशील बोलतोय. तुझ्यापुढे हा पेच नाही.

भावाबद्दल. त्याच्याशी उद्धटपणे वागू नकोस, या कामातल्या तरुण मंडळींना ती खोड लागते. घरचे म्हणजे शोषक, अशी एक सोपी समजूत असते. रात्री जागून तारखा टाकणारा माणूस शोषक नसतो, दमलेला असतो. पण तू त्याची वकील होऊ शकत नाहीस, आणि हे त्याला पहिल्याच दोन वाक्यांत सांगायला हवं होतंस: 'मी तुमच्या भावाची वकील आहे. तुम्ही मला जे सांगाल ते मी त्याला सांगेन.' फाटकापाशी अवघड वाटतं, ठाऊक आहे. त्याला मंडळापुढे बोलता येतं, ते सांग. त्याला स्वतःला सल्ला हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक दे, नाहीतर संस्थेतला दुसरा कुणी त्याच्याशी बोलू दे, जो तुझ्या अशिलाची फाइल उघडत नाही. काही संस्थांमध्ये एकच माणूस सकाळी रुग्णाचा वकील आणि दुपारी कुटुंबाचा समुपदेशक असतो. मनुष्यबळ कमी असतं हे खरं, पण त्यात रुग्णाची बाजूच पहिली बुडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातसुद्धा, आधार देणाऱ्याचे हितसंबंध आड आले तर त्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हावं, असं लिहिलंय.

अर्ज फेटाळला गेला तर त्याच दिवशी वॉर्डात जा. दुसऱ्या दिवशी नाही. ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं हे सांग आणि करायचं का ते विचार.

राहिली वही. तुझ्या पत्रात तू तिचा उल्लेख ओझरता केलायस, पण मला वाटतं तुझी झोप तिनेच उडवलीय. उरलेली पानं वाचू नकोस. ती वही तुला देताना भावाची अपेक्षा होती की तू वाचावीस आणि त्याच्या भावाला कळू नये. असा कागद वकिलाला ठेवता येत नाही. उद्या त्याला बोलावून वही परत कर आणि सांग की यातलं जे सांगायचंय ते डॉक्टरांना किंवा मंडळाला द्या, उघडपणे. मग वॉर्डात जाऊन अशिलाला सांग की भावाने अशी वही दिली होती, मी दोन पानं वाचली, परत केली, त्या दोन पानांत हे हे होतं. तो चिडेल. कदाचित म्हणेल, सगळं खोटं आहे. कदाचित थोडा वेळ गप्प बसून विचारेल, त्या दारवाल्या रात्रीचं लिहिलंय का त्याने? तसं विचारलंच, तर घड्याळ बघू नकोस, आणि पेन खाली ठेव.